याद्या कष्टकऱ्यांच्या, सत्ता कोणाची?

अमेरिकेच्या इतिहासात १८०० सालच्या निवडणुकीला ‘क्रांती’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द थॉमस जेफर्सनने स्वतःच पुढे आपल्या विजयाला लावला, आणि विजेत्यांनी आपल्या विजयाला दिलेली नावे पाठ्यपुस्तके बहुधा विनातक्रार स्वीकारतात. रक्ताचा थेंब न सांडता एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सत्ता गेली ही गोष्ट लहान नव्हे. ती नाकारण्याचे कारणही नाही. परंतु ही सत्ता कोणाच्या मतांवर मिळाली, ती कोणाच्या हाती गेली आणि ज्यांच्या मतांवर ती मिळाली त्यांच्या पदरात काय पडले, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ‘क्रांती’ हा शब्द वापरणे म्हणजे इतिहासाचा पोवाडा करणे होय.

या कथित क्रांतीचा निर्णय झाला तो न्यूयॉर्क शहरात, एका प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची निवड न्यूयॉर्क राज्यात जनता करीत नसे, विधिमंडळ करी. ज्या पक्षाचे विधिमंडळ त्याचे बाराच्या बारा निर्वाचक. १७९६ मध्ये ॲडम्सने जेफर्सनचा ७१ विरुद्ध ६८ असा अवघ्या तीन मतांनी पराभव केला होता, आणि न्यूयॉर्कची सर्व १२ मते ॲडम्सला मिळाली होती. राज्याच्या ग्रामीण भागात दोन्ही पक्षांचे बळ जवळपास तुल्य होते. त्यामुळे सारा निर्णय शहरातून निवडून जाणाऱ्या असेंब्लीच्या तेरा जागांवर येऊन ठेपला. २९ व ३० एप्रिल आणि १ मे १८०० असे तीन दिवस मतदान झाले. रिपब्लिकन पक्षाने, म्हणजे जेफर्सनच्या पक्षाने, तेराही जागा जिंकल्या. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी या नावाचा संबंध जोडू नये, तो पक्ष १८५४ चा.) काहीशे मतांच्या फरकाने एका शहराने एका राष्ट्राचे सरकार बदलले.

या प्रसंगापासून दोन प्रकारची मंडळी दोन सोयीस्कर निष्कर्ष काढतात. पहिली म्हणतात, निवडणूक म्हणजे यंत्रणा. याद्या, वाहने आणि माणसे ज्याच्याकडे, विजय त्याचा. विचार आणि कार्यक्रम या दुय्यम गोष्टी. दुसरी म्हणतात, मर्यादित मताधिकारावर धनिकांच्या दोन टोळ्यांत झालेली ती झुंज होती. कष्टकऱ्यांना तिच्याशी काय कर्तव्य? हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि दोन्ही चळवळीला सारखेच घातक आहेत.

मताधिकाराचा उंबरठा

प्रथम मतदार कोण होता ते पाहावे. १८०० मध्ये न्यूयॉर्कची लोकसंख्या साठ हजारांच्या घरात होती. राज्याच्या १७७७ च्या संविधानाने मताधिकाराच्या दोन पायऱ्या केल्या होत्या. गव्हर्नर आणि सिनेट यांसाठी मत द्यायचे तर शंभर पौंडांची, कर्ज वजा जाता, स्वतःच्या मालकीची स्थावर मालमत्ता हवी. असेंब्लीसाठी वीस पौंडांची मालमत्ता किंवा वर्षाला चाळीस शिलिंग भाड्याचे बिऱ्हाड पुरे. म्हणजे शिडे शिवणारा, कातडी कमावणारा, हातगाडी हाकणारा भाडेकरू कर भरीत असेल तर असेंब्लीपुरता नागरिक होता. सिनेटच्या दाराशी पोहोचताच त्याचे नागरिकत्व संपे. शहराच्या नगरमंडळासाठी तर नुसत्या भाडेकरूला मतच नव्हते. स्त्रियांना न्यूयॉर्कमध्ये मत नव्हते. शेजारच्या न्यू जर्सीत मालमत्ताधारक अविवाहित स्त्रिया व विधवा मत देत होत्या. १८०७ मध्ये तो हक्कही कायद्याने काढून घेण्यात आला. आणि न्यूयॉर्क शहरात अडीच हजारांहून अधिक माणसे तेव्हा अजून गुलाम होती.

असेंब्लीचे दार थोडे किलकिले होते, म्हणूनच दोन्ही पक्षांना त्या वर्षी गरीब वॉर्डांची आठवण झाली. मालमत्तेने दिलेल्या लोकशाहीत गरिबांचे मोल तेवढेच, जेवढे बाजूच्या तराजूत उणे पडते. परंतु ज्याला मत नाही त्याच्या दाराशी कोणीही जात नाही, हेही तितकेच खरे. मताधिकाराला तुच्छ लेखणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

पाण्याच्या नावाने पेढी

त्या शहरात कर्ज कोणाला मिळे हाही राजकीय प्रश्न होता. १७९९ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये दोनच बँका होत्या: अलेक्झांडर हॅमिल्टनने १७८४ मध्ये उभी केलेली बँक ऑफ न्यूयॉर्क आणि त्याच्याच आर्थिक धोरणातून जन्मलेल्या बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची शाखा. दोन्हींवर फेडरलिस्ट पक्षाच्या मंडळींचा पगडा. रिपब्लिकन व्यापाऱ्याला व लहान कारागिराला तेथे कर्ज नाकारले जाते, ही नेहमीची तक्रार होती.

१७९८ मध्ये पिवळ्या तापाने शहरात सुमारे दोन हजार माणसे मेली. घाण पाणी हे रोगाचे मूळ मानले जात होते. शुद्ध पाणीपुरवठ्याची मागणी झाली. ॲरन बर या रिपब्लिकन नेत्याने ती उचलून धरली आणि १७९९ मध्ये मॅनहॅटन कंपनीची सनद विधिमंडळातून मंजूर करून घेतली. वीस लाख डॉलरांचे भांडवल, आणि सनदेत एक साधे दिसणारे कलम: पाण्याच्या कामातून उरलेले भांडवल कंपनीने इतर व्यवहारात गुंतवावे. त्याच वर्षी कंपनीने बँक उघडली. पाण्यासाठी लाकडी नळ घातले गेले; पाणी अपुरे आणि वाईट राहिले. बँक मात्र भरभराटली. १८३२ मध्ये पटकीने शहराला पुन्हा झोडपले. क्रोटन नदीचे स्वच्छ पाणी न्यूयॉर्कला मिळाले ते १८४२ मध्ये, तेही सार्वजनिक खर्चाने.

येथे दोन पक्षांतील फरक नेमका किती होता ते उघड होते. हॅमिल्टनची बँक श्रीमंतांची म्हणून गरिबांनी बरच्या मागे जावे, तर बर त्यांच्या साथीवर आणि त्यांच्या तहानेवर दुसरी बँक उभी करतो. मक्तेदारी मोडली हे खरे. मक्तेदारीच्या जागी स्पर्धा आली, आणि स्पर्धेचा लाभ ज्यांच्यापाशी तारण होते त्यांना झाला. त्या वर्षी मतदारांनी ही चलाखी ओळखली असावी. १७९९ च्या निवडणुकीत शहरात रिपब्लिकनांचा दारुण पराभव झाला.

बरची यंत्रणा

१८०० मध्ये बरने चूक सुधारली. वॉर्डावॉर्डातील मतदारांच्या याद्या झाल्या; प्रत्येकाचा कल, त्याची ऐपत, तो स्वतः येईल की आणावा लागेल, याच्या नोंदी झाल्या. कार्यकर्ते घरोघर गेले. बरच्या घरी रात्रंदिवस राबता होता. कार्यकर्त्यांना तेथेच जेवण, तेथेच पथारी. हॅमिल्टनने आपली उमेदवार यादी जाहीर करेपर्यंत बर थांबला. मग त्याने आपली यादी काढली: माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, साराटोगाच्या विजयाचा सेनानी जनरल होरेशिओ गेट्स, माजी पोस्टमास्टर जनरल सॅम्युएल ऑस्गुड, ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंग्स्टन. बर स्वतः शहरातून नव्हे तर ऑरेंज परगण्यातून उभा राहिला.

हॅमिल्टनची यादी पाहिली तर आश्चर्य वाटेल. तिच्यात एक कुंभार होता, गवंडी होता, किराणा दुकानदार होते, पुस्तकविक्रेता होता. बँकवाल्यांच्या पक्षाने कारागीर उभे केले आणि जनतेच्या म्हणवणाऱ्या पक्षाने मातबर! परंतु कोड्याचे उत्तर सोपे आहे. हॅमिल्टनला स्वतःचे डोके नसलेले, सांगतील तसा हात वर करणारे सदस्य हवे होते. त्या गवंड्याला आणि कुंभाराला कोणत्याही कारागीर संघटनेने निवडले नव्हते. त्यांना त्यांच्या नम्रतेसाठी निवडले होते. उमेदवाराच्या हाताला घट्टे आहेत एवढ्याने तो कष्टकऱ्यांचा प्रतिनिधी होत नाही. प्रतिनिधी तो, जो आपल्या वर्गाच्या संघटनेला जाब देतो. हे सूत्र दोन शतकांनंतरही तेवढेच खरे आहे.

मतदारांनी तरीही बरच्या यादीला कौल दिला, आणि तो मूर्खपणाने दिला असे म्हणणे हा त्या मतदारांचा अपमान आहे. त्यांच्यासमोर फेडरलिस्ट राजवटीचा अनुभव होता. १७९८ मध्ये परकीयांविरुद्धचे आणि राजद्रोहाचे कायदे झाले होते. नव्या स्थलांतरिताला नागरिकत्वासाठी चौदा वर्षांचा वास सक्तीचा झाला होता. आणि शहरातच एक उदाहरण ताजे होते. ‘आर्गस’ या रिपब्लिकन वृत्तपत्राच्या छापखान्यातील मुकादम डेव्हिड फ्रॉदिंगहॅम याच्यावर १७९९ मध्ये हॅमिल्टनच्या पुढाकाराने बदनामीचा खटला झाला. त्याचा गुन्हा एवढाच, की दुसऱ्या पत्रातून आलेला, हॅमिल्टनविरुद्धचा मजकूर त्याच्या पत्राने पुन्हा छापला. शिक्षा झाली चार महिने कैद आणि शंभर डॉलर दंड. ज्या माणसाने राष्ट्राची पेढी चालवली त्याला एका छापखाना कामगाराला तुरुंगात धाडल्याशिवाय चैन पडेना. अशा पक्षाविरुद्ध मत देणे ही कारागिरांची भोळी चूक नव्हती; ती त्यांच्या हाती असलेली एकमेव ढाल होती. म्हणून ‘दोन टोळ्यांची झुंज’ म्हणून हात झटकणाऱ्यांना विचारले पाहिजे: लिहिणारा आणि छापणारा तुरुंगाबाहेर राहतो की नाही, यात कष्टकऱ्यांचा हितसंबंध नाही काय?

हरल्यानंतरचे पत्र

निकाल लागला आणि फेडरलिस्ट पक्षाची लोकशाहीनिष्ठा किती खोल होती ते दिसले. ७ मे १८०० रोजी हॅमिल्टनने गव्हर्नर जॉन जे याला पत्र लिहिले. नवे विधिमंडळ जुलैत अधिकारावर येणार होते. जुने, फेडरलिस्टांचे, अजून जिवंत होते. ते तातडीने बोलावावे, निर्वाचकांची निवड विधिमंडळाकडून काढून जिल्हावार जनतेकडे द्यावी आणि जेफर्सनचा मार्ग रोखावा, अशी ही सूचना. असल्या काळात फार सोवळे राहून चालत नाही, असा त्यातला युक्तिवाद.

वरवर पाहता मागणी किती लोकशाहीवादी! निवड लोकांकडे द्या. पण त्याच वर्षी, निवडणुकीच्या थोडे आधी, रिपब्लिकनांनी नेमका हाच जिल्हावार पद्धतीचा प्रस्ताव विधिमंडळात मांडला होता आणि फेडरलिस्टांनी तो हाणून पाडला होता. जिंकण्याची खात्री होती तोवर लोक नको होते. हरल्यावर लोक आठवले. प्रस्थापितांचे लोकप्रेम बहुधा मतमोजणीनंतर जन्मते.

जेने ते पत्र ठेवून घेतले आणि त्याच्या पाठीवर शेरा लिहिला की पक्षीय हेतूंसाठीचा हा उपाय स्वीकारणे आपल्याला शोभणारे नाही. हा जे कोण? तोही फेडरलिस्ट. १७९२ मध्ये गव्हर्नरपदाच्या लढतीत ओट्सेगो परगण्याची मते तांत्रिक कारणावरून बाद झाली नसती तर तोच निवडून आला असता असे त्याच्या पक्षाचे म्हणणे होते. त्या वेळी १०८ मतांनी विजयी घोषित झालेला जॉर्ज क्लिंटन म्हणजेच १८०० मध्ये बरच्या यादीचा पहिला मोहरा. सूड घेण्याची संधी चालून आली असताना जेने ती घेतली नाही. तो जमीनदारांचा माणूस होता, लोकशाहीवादी मुळीच नव्हता. पण हरल्यावर नियम बदलू नये एवढी मर्यादा त्याला कळत होती. आपल्या विरोधकाचे श्रेय नाकारणारी चळवळ स्वतःचाच विवेक बोथट करते. जेला त्याचे श्रेय द्यावे.

मात्र विजेत्या पक्षालाही या बाबतीत स्वच्छ हातांचा दावा करता येत नाही. त्याच जानेवारीत जेफर्सनच्या व्हर्जिनियात त्याच्या पक्षाने जिल्हावार पद्धत मोडून सर्व निर्वाचक एकगठ्ठा निवडण्याचा कायदा केला, कारण जिल्हावार गेले तर एक-दोन मते ॲडम्सला जाण्याचा धोका होता. मॅसॅच्युसेट्समध्ये फेडरलिस्टांनी निवड जनतेकडून काढून विधिमंडळाकडे नेली. ज्याची जेथे सत्ता त्याने तेथे पद्धत वाकवली. म्हणून निवडणुकीचा नियम हा पक्षाच्या सोयीचा विषय नव्हे हे तत्त्व आपला पक्ष जिंकत असतानाच सांगावे लागते. हरताना ते सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

विजय कोणाचा?

१८०० अखेर मते मोजली गेली तेव्हा जेफर्सन ७३, बर ७३, ॲडम्स ६५ असा निकाल लागला. न्यूयॉर्कची बारा मते ॲडम्सकडे गेली असती तर तो ७७ विरुद्ध ६१ असा जिंकला असता. न्यूयॉर्कच्या कारागिरांनी अध्यक्ष घडवला हे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्ती नाही. पण दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. संविधानाने दक्षिणेतील राज्यांना गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश भाग लोकसंख्येत धरून जादा प्रतिनिधी व निर्वाचक दिले होते. ही जादा मते वजा केली तर जेफर्सन हरला असता, असे इतिहासकार हिशेबाने दाखवतात. न्यूयॉर्कच्या हातगाडीवाल्याचे मत आणि व्हर्जिनियातील गुलामाच्या नावाने त्याच्या मालकाने वापरलेले वजन, या दोहोंच्या बेरजेला ‘क्रांती’ हे नाव मिळाले.

शहरातील कष्टकऱ्यांना काय मिळाले? १८०१ मध्ये पाचव्या वॉर्डातील एकोणचाळीस जणांनी वर्गणी काढून एक घर सामाईक विकत घेतले, की त्या मालकीवर नगरमंडळासाठी मत देता यावे. घर एक, मालक एकोणचाळीस: मालमत्तेच्या कायद्याची इतकी सुंदर थट्टा क्वचितच झाली असेल. नगरमंडळातील फेडरलिस्टांनी ती मते अवैध ठरवली. परंतु झगडा थांबला नाही आणि १८०४ मध्ये वर्षाला पंचवीस डॉलर भाडे देणाऱ्याला नगरमंडळासाठी मत मिळाले. तोंडी मताऐवजी चिठ्ठीने मतदानही आले. ही खरी मिळकत, आणि ती मागून, भांडून, फसून, पुन्हा भांडून मिळालेली.

दुसऱ्या बाजूला, फिलाडेल्फियात १८०६ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये १८१० मध्ये चांभारकाम करणाऱ्या मजुरांना, मजुरीसाठी एकजूट केली म्हणून, कटाच्या आरोपाखाली दोषी ठरवण्यात आले. तेव्हा जेफर्सन आणि त्याचा वारस मॅडिसन यांचीच राजवट होती. मत देताना एकत्र आले तर नागरिक, मजुरी मागताना एकत्र आले तर गुन्हेगार! आणि १८२१ मध्ये राज्याचे नवे संविधान झाले तेव्हा गोऱ्या पुरुषांवरील मालमत्तेची अट व्यवहारात उठली, पण कृष्णवर्णीयांवर अडीचशे डॉलरांच्या मालमत्तेची अट बसली. न्यूयॉर्कच्या चलनात जुने शंभर पौंड म्हणजे नेमके अडीचशे डॉलर. गोऱ्या मजुराच्या दारातून काढलेला उंबरठा उचलून काळ्या मजुराच्या दारात ठेवण्यात आला. तो हलला १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने, यादवी युद्धानंतर. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला तो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. १८०० च्या विजेत्यांना तो मान देण्यासारखे काही घडले नव्हते, हे जोतीरावांच्या अचूक निवडीवरून आजही कळते.

आणि बर? उपाध्यक्षपद, बरोबरीची मते, प्रतिनिधीगृहात छत्तीस फेऱ्यांचे मतदान, आणि १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनचा वध. ज्या नाट्यावर पुस्तके आणि रंगभूमी पोसली गेली त्यात याद्यांमधल्या माणसांचे नाव नाही. याद्या बनवणारा माणूस पडला. याद्या बनवण्याची कला मात्र टॅमनी संस्थेने पुढे शंभर वर्षे जपली, आणि तिचा शेवट कंत्राटे व नेमणुका वाटण्यात झाला. कार्यक्रमाविना यंत्रणा शेवटी येथेच पोहोचते.

या कथेचा दुवा जोडणारे वर्ष मात्र १८२९ आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या कारागिरांनी स्वतःचा वर्किंग मेन्स पक्ष काढला. दहा तासांचा दिवस, कर्जासाठी तुरुंगवास बंद, सर्वांना सार्वजनिक शिक्षण, मजुरीच्या वसुलीचा हक्क: हा त्यांचा कार्यक्रम. त्याच असेंब्लीवर त्यांनी एबेनेझर फोर्ड नावाचा सुतार निवडून पाठवला. हॅमिल्टनच्या यादीतला गवंडी आणि हा सुतार यांच्यात केवढे अंतर आहे! पक्ष दोन-तीन वर्षांतच फुटून विरला. पण १८३१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कर्जासाठीचा तुरुंगवास रद्द केला, आणि त्यांच्या मागण्या मोठ्या पक्षांना आपल्या जाहीरनाम्यांत घ्याव्या लागल्या. बरच्या याद्यांनी जे तीस वर्षांत दिले नाही ते एका सुताराच्या पक्षाने थोडक्या काळात वेशीवर आणून ठेवले.

तेव्हा निष्कर्ष असा. याद्या करणे, घरोघर जाणे, मतदाराला केंद्रावर आणणे हे काम हलके नाही. जो पक्ष ते करीत नाही त्याचा विचार पुस्तकात राहतो. मताधिकार ही फसवणूक नाही; ज्याला मत नव्हते त्याने ते मिळवण्यासाठी घर विकत घेतले. निवडणुकीचे नियम विजयापूर्वी जे मान्य केले ते पराभवानंतरही मान्य करावे लागतात. हा गुण एखाद्या जमीनदाराने दाखवला तरी तो गुणच. परंतु यादी ज्यांची, कार्यक्रम त्यांचा आणि जाबही त्यांनाच, ही अट पाळली नाही तर कार्यकर्ता हा दुसऱ्याच्या बँकेचा बिनपगारी कारकून होतो. न्यूयॉर्कच्या सहाव्या-सातव्या वॉर्डातील ज्या माणसांनी १८०० मध्ये अध्यक्ष घडवला त्यांना ही अट उमगायला एकोणतीस वर्षे लागली. ज्यांना त्यांचा इतिहास ठाऊक आहे त्यांनी तेवढा वेळ घेण्याचे कारण नाही.